बोनटखालची गादी झडतेय: जुनी आज काढा, नवी सावकाश बसवा

चोपड्याच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे. त्यांची डिझेल सेडान ११ वर्षांची. रोज शाळेचं जाणं-येणं, महिन्यातून दोनदा जळगाव. गेल्या आठवड्यात त्यांनी पाणी बघायला बोनट उघडलं, तर आतली काळी गादी मधोमध फाटून लोंबत होती, पिवळट कापूस बाहेर आला होता आणि इंजिनवर सगळीकडे काळा चुरा पडला होता. एसी लावला की जळकट वास येतो. गावातला एक मिस्त्री म्हणाला, उपटून फेका, बिनकामाची असते. दुसरा म्हणाला, फेविकॉलने चिकटवून देतो. तिसऱ्याने चंदेरी शीट दाखवली, १,२०० रुपयांत. "भाऊ, आते काय करू?" असं त्यांनी शेवटी लिहिलंय.

सर, लोंबणारी गादी आज काढा. उद्या शाळेत जायच्या आधी. नवी कोणती बसवायची, कंपनीची की बाहेरची, बसवायची की नाही, हे सगळं महिनाभर विचार करून ठरवलं तरी चालेल. गादीशिवाय महिनाभर गाडी चालवल्याने काही बिघडत नाही. आवाज थोडा वाढेल, एवढंच. पण लोंबती गादी घेऊन एक दिवसही फिरू नका. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. नवी मिळेपर्यंत जुनी तशीच ठेवतात, कारण "आहे ते झाकलेलं बरं" असं वाटतं.

मी २७ वर्षं गाड्यांचं काम करतोय, जळगावात हायवेला लागून. या गादीपायी गाडी पेटायला निघालेली मी एकदा डोळ्यांनी बघितली आहे. केळीचा व्यापार करणारे माझे एक गिऱ्हाईक चाळीसगावहून कन्नड घाट चढत होते, मी शेजारी बसलो होतो. अर्ध्या घाटात जळका वास आला आणि बोनटच्या फटीतून धूर निघाला. आदल्याच आठवड्यात त्यांनी गाडी धुवायला दिली होती आणि धुणाऱ्याने इंजिन चमकावं म्हणून वरून डिझेलचा फवारा मारला होता. आपल्याकडे ही वाईट सवय बऱ्याच वॉशिंग सेंटरवर आहे. गादीने ते डिझेल पिऊन घेतलं. एक कोपरा क्लिप तुटून आधीच सुटला होता, तो घाटातल्या धक्क्यांनी खाली आला आणि टर्बोला टेकला. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या गरम वायूंवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. चढावर ओढ घेताना टर्बोचं कवच काही शे अंशांपर्यंत तापतं. डिझेल साधारण २१० ते २५० अंशांवर ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. आम्ही गाडी लगेच थांबवली, इंजिन बंद केलं, छोटं अग्निशामक होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्याकडे गाडी कशालाही आली, अगदी हॉर्नच्या तक्रारीला आली, तरी बोनट उघडल्यावर माझी नजर आधी वर जाते.

आत भरलेला काचेचा कापूस, म्हणजे ग्लासवूल, स्वतः पेटत नाही. पण तेल किंवा डिझेल शोषलं की तो दिव्याच्या वातीसारखं काम करतो. वातीचा कापूस नुसता लगेच जळून जातो, तेलात भिजला की रात्रभर जळतो. इथे तर कापूसच न जळणारा, म्हणजे वात संपतही नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न गादी किती फाटली हा नसतो. बोटाने दाबली तर तेलकट लागते का, डिझेलचा वास येतो का, हे मी आधी बघतो. तेलकट असेल तर ती दिसायला नवीकोरी असली तरी जाते. धुऊन वापरायची नाही. आतलं तेल निघत नाही आणि धुतल्यावर आकारही राहत नाही. आणि तेल आलं कुठून तेही शोधायचं. दरवेळी धुणाराच दोषी नसतो. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या परतीच्या नळीतून (उरलेलं डिझेल मागे नेणाऱ्या) बारीक गळती, ऑइल भरायच्या झाकणाचं कडक झालेलं रबर, यांचा शिंतोडाही वर उडतो. गादीवर डाग जिथे आहे त्याच्या बरोबर खाली बघा, बहुतेकदा तिथेच सापडतं.

आता तुमचा चुरा आणि वास. तुम्ही लिहिलंय त्यावरून गादीत दोन थर दिसतात: वर काळं कापड आणि आत पिवळं ग्लासवूल. ग्लासवूल मुळात पांढरं असतं, त्याला बांधून ठेवणाऱ्या राळेमुळे पिवळं दिसतं. ती राळ वर्षानुवर्षं तापून भाजली गेली की तंतू सुटे होतात. काही गाड्यांत ग्लासवूलऐवजी फोम असतो. तो फोम उष्णता, हवा आणि ओल यांनी आतून तुटत जातो आणि एक दिवस हात लावला की वाळलेल्या भाकरीसारखा चुरा होतो. आपल्याकडे हे लवकर होतं यात नवल नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, काळं बोनट उन्हात तव्यासारखं तापतं, आणि खालून इंजिन. गादी दोन्हीकडून भाजते. मग जूनचा पहिला पाऊस, त्यात तापलेल्या इंजिनवर प्रेशरचं पाणी मारायची हौस. कापड तिथेच फाटतं.

सुटलेला चुरा तीन ठिकाणी जातो. थोडा एक्झॉस्टच्या तापलेल्या भागावर पडून जळतो. थोडा एअर फिल्टरच्या तोंडाशी जातो. तिथे फिल्टर अडवतो, इंजिनात जात नाही, पण फिल्टर लवकर चोंदतो. आणि थोडा काचेखालच्या जाळीत, वायपरच्या पट्टीत जाऊन बसतो. गाडीच्या आत येणारी ताजी हवा त्याच जाळीतून येते. म्हणून एसीला वास. साफसफाई होईपर्यंत एसीचं बटण आतली हवा आतच फिरवण्यावर ठेवा. तुम्ही मुलांना गाडीतून नेत असाल तर हे नक्की करा. काचेचे तंतू घशात आणि डोळ्यांत टोचतात, कातडीला खाज सुटते.

काढायचं कसं ते नीट सांगतो, कारण काढतानाच लोक स्वतःला जास्त त्रास करून घेतात.

सकाळी लवकर करा, इंजिन पूर्ण गार असताना. किल्ली काढून खिशात ठेवा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम असेल तर रेडिएटरचा पंखा किल्ली बंद असतानाही अचानक फिरतो, आणि तुमचा हात तिथेच असतो. लांब बाह्यांचा जुना शर्ट, हातमोजे, एन-९५ मास्क आणि चष्मा घाला. रोजचा नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूने झाकलेला घ्या. काम डोक्यावरचं आहे, चुरा सरळ डोळ्यांत पडतो. रुमाल बांधून भागत नाही, हे मी स्वतः दोन दिवस खोकून शिकलोय. इंजिनवर जुनी चादर किंवा प्लास्टिक अंथरा आणि एअर फिल्टरचं तोंड, अल्टरनेटर झाकून घ्या. काय काय झाकलं ते मोजून ठेवा आणि गाडी सुरू करण्याआधी तेवढंच परत काढा.

मग साध्या फवारणीच्या बाटलीने गादीवर पाणी मारा. भिजवायची नाही, ओलसर करायची, म्हणजे तंतू उडत नाहीत. क्लिपा प्लास्टिकच्या असतात, देवदार झाडासारख्या खाचांच्या. ११ वर्षांच्या क्लिपा अख्ख्या निघतील अशी आशा धरू नका. डोक्याखाली चपटं काही सरकवून उचलायचं, तुटली तर तुटू द्यायची. दोन अख्ख्या मिळाल्या तरी नमुन्याला पुरतात. त्या खिशात टाकून दुकानात न्या, कारण भोकाचं माप गाडीगणिक वेगळं असतं. गादी खेचून फाडू नका, दोन बाजूंनी धरून खाली घेत घडी घाला आणि लगेच जाड पिशवीत भरा. पिशवीला दुसरी पिशवी.

हवेचा पाइप मारू नका. गॅरेजमध्ये सगळ्यात आधी हात तिकडेच जातो आणि सगळ्यात मोठी चूक तीच. घरातला व्हॅक्यूमही नको, त्याच्या फिल्टरमधून बारीक तंतू मागून खोलीत उडतात. ओल्या फडक्यांनी पुसायचं, फडकी फेकून द्यायची. काचेखालची जाळी जमल्यास काढून साफ करा. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे एसीचा फिल्टर असतो, तो बदलूनच टाका. अंगाला खाज सुटली तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच लावून उचला, मग वाहत्या गार पाण्याने आणि साबणाने धुवा. कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

एक इशारा फक्त फार जुनी गाडी असणाऱ्यांना. आपल्या भागात आजोबांच्या काळची जीप किंवा जुनी मोटार हौसेने जपणारे लोक आहेत. पूर्वी गाड्यांच्या ब्रेकमध्ये, क्लचमध्ये, गॅस्केटमध्ये आणि उष्णता अडवणाऱ्या शीटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरला जाई. तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो. करड्या रंगाची, पुठ्ठ्यासारखी, तंतू सुटणारी जुनी शीट दिसली तर खरवडू नका, तोडू नका. आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. सर, तुमच्या गाडीत हा प्रश्न नाही.

आता तुमचे तीन मिस्त्री.

पहिला अर्धा बरोबर आहे. काढायची हे खरं, बिनकामाची हे खरं नाही. डिझेलचा खडखड आवाज ती शोषून घेते आणि बोनटच्या रंगाला इंजिनची झळ कमी लागते. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना कारखान्यातूनच गादी नसते, त्यांचं काही अडत नाही. तुम्हाला आवाजाचं काही वाटत नसेल आणि गाडी अजून दोन-तीन वर्षांत विकायची असेल, तर नाही बसवली तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. मात्र "गादी काढली की इंजिन थंड राहतं" यावर विश्वास ठेवू नका. इंजिन थंड ठेवतो तो रेडिएटर, कूलंट, थर्मोस्टॅट आणि पंखा. तापमानाचा काटा वर जात असेल तर गादीकडे बोट दाखवून गप्प बसू नका. आणि एक गोष्ट त्या मिस्त्रीला बजावून ठेवा: टर्बोवरचं आणि एक्झॉस्टवरचं पत्र्याचं कवच, आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरची गादी, यांना "तेही असंच काढतो" म्हणून हात लावायचा नाही. ती उष्णता अडवायलाच असतात. एक्झॉस्टचा पत्रा खडखडतो म्हणून काढून टाकलेल्या गाड्या माझ्याकडे वितळलेल्या वायरिंगसह आल्या आहेत.

दुसऱ्याच्या फेविकॉलचं सांगतो. तो म्हणतो ते बहुधा रबरी सोल्युशन असणार, जे रेक्झिन-फोमला लावतात. ते खोलीत उत्तम धरतं. आपल्या उन्हाळ्यातल्या बोनटखाली ते मऊ पडतं आणि गादी पुन्हा लोंबते, यावेळी मधूनच, जिथे टर्बो असतो. शिवाय चुरा झालेल्या गादीला कितीही चांगला गोंद लावा, तो वरच्या सुट्या तंतूंनाच धरतो. डागडुजी फक्त एकाच अवस्थेत करा: गादी कोरडी आहे, तेलाचा वास नाही, आतलं भरण घट्ट आहे आणि कापड फक्त कडेला उसवलंय. अशावेळी एसीच्या डक्टला लावतात ती अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी कडेने दुमडून लावा, तुटलेल्या क्लिपा नव्या घाला. वर्ष-दोन वर्षं निघतात. तुमच्या गादीचं ते वय गेलं.

क्लिपेच्या जागी स्क्रू मारून देतो म्हणणारेही भेटतात. बोनटला दोन पत्रे असतात आणि काही ठिकाणी त्यांच्यात बोटभरही अंतर नसतं. माझ्याच हाताखालच्या एका पोराने इंचभर लांब स्क्रू पिळला आणि बाहेरून बोनटवर फोड आल्यासारखा उंचवटा आला. रंगाचा खर्च मी भरला. तारेने बांधणं तर नकोच. तार सुटली की बॅटरीच्या टर्मिनलवर पडते.

तिसऱ्याची चंदेरी शीट. चांदीसारखी दिसणारी प्रत्येक शीट एक नसते आणि दुकानदारालाही बऱ्याचदा फरक माहीत नसतो. पत्र्याच्या शेडला उष्णता लागू नये म्हणून हवेच्या बुडबुड्यांची शीट लावतात, कोंबड्यांच्या शेडला किंवा गोडाऊनला तुम्ही बघितली असेल. तिचं प्लास्टिक ११० अंशांच्या आसपास वितळतं. ती छताला ठीक आहे, इंजिनवर नाही. दुसरी दारांना लावतात ती डांबरी शीट. ती पत्र्याचा थरथराट कमी करते, पण बोनटला उलटी चिकटवली की उन्हाळ्यात ओघळते. तिसरी ब्यूटाइल रबरवर अ‍ॅल्युमिनियम लावलेली. तीही थरथराटासाठीच. तिने आवाजाचा सूर बदलतो, झळ फारशी अडत नाही, आणि पूर्ण बोनटला लावली तर वजन वाढतं. एसीच्या कामात वापरतात ती काळी नायट्राइल रबरची शीट साधारण १०५ अंशांपर्यंत टिकते. टर्बोपासून लांबच्या भागात ती चालते, बरोबर टर्बोच्या वर नाही. सोफ्याचा फोम, थर्माकोल, गोणपाट याबद्दल बोलायलाच नको, पण मी तिन्ही बघितलेत.

दुकानात शीट घ्यायच्या आधी एक तुकडा मागा. बाहेर मोकळ्या जागी पक्कडीत धरून, शेजारी पाण्याची बादली ठेवून, काडीने पेटवून बघा. धूर अंगावर घेऊ नका, फोमचा धूर विषारी असतो. ज्योत काढली की तुकडा आपोआप विझला पाहिजे. जळतच राहिला किंवा पेटते थेंब गळायला लागले, तर परत द्या. तुकडा द्यायला का-कू करणाऱ्याकडून घेऊच नका.

माझं मत विचाराल तर कंपनीचीच गादी मागवा. चासी नंबर सांगितला की सुट्या भागांच्या दुकानात बरोबर तुमच्या मॉडेलची निघते. ११ वर्षांच्या गाडीची मिळायला आठ-पंधरा दिवस लागतील, लागू द्या. ती बोनटच्या फासळ्यांत नेमकी बसते, जाडी ठरलेली असते, गोंद लागत नाही आणि टर्बोच्या वरच्या भागाला बऱ्याचदा वेगळा थर असतो. भंगारातली जुनी उचलू नका. तिने कोणतं तेल प्यायलंय हे कुणी सांगणार नाही.

नाहीच मिळाली आणि शीटच लावावी लागली, तर जाडीची खात्री करा. कणकेचे पाच-सहा गोळे प्लास्टिकमध्ये गुंडाळून इंजिनच्या उंच भागांवर ठेवा, बोनट हळूच दाबून बंद करा, उघडा आणि चपटलेले गोळे मोजा. सर्वांत चपटा गोळा जेवढा उरला, त्याच्यापेक्षा शीट निदान बोटाच्या जाडीएवढी पातळ हवी, कारण चालू इंजिन हलतं. जुना गोंद उकरायला लोखंडी पट्टी नको, प्लास्टिकची घ्या. सकाळच्या उन्हात बोनट थोडं तापू दिलं की गोंद सैल होतो. थिनर लावू नका, विशेषतः बोनट एकदा रंगवलेलं असेल तर. टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन आधी कोपऱ्यात लावून बघा. गोंद जास्त तापमानाचा लिहिलेला घ्या, शीटला आणि बोनटला दोन्हीकडे लावा, बोटाला चिकटेनासा झाला की मग दाबा. वाफ पेटणारी असते, म्हणून मोकळ्या हवेत करा, बिडी-सिगारेट लांब ठेवा. गोंद असला तरी कडांना क्लिपा हव्यातच.

अजून एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण बघून घ्या. गादी मधोमध फाटली आहे म्हणता. कडा कुरतडल्यासारख्या आहेत का? बॅटरीच्या मागे, एअर फिल्टरच्या डब्यात, काळ्या लेंड्या किंवा कापसाचा पुंजका आहे का? कापणी झाली की वावरातले उंदीर गावाकडे सरकतात आणि रात्री उबदार इंजिन त्यांना घरासारखं वाटतं. गादीचा कापूस ते घरट्याला ओढून नेतात. तसं असेल तर वायरिंगही तपासून घ्या, गादीपेक्षा ते महत्त्वाचं. लेंड्या झाडूने झाडू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात. ब्लीचच्या पाण्याने ओलं करून, हातमोजे घालून पुसा. डांबरगोळ्या, तंबाखूची पानं चार दिवस चालतात, मग उंदीर सरावतो. माझ्या अनुभवात उपयोग होतो तो गाडीची जागा बदलल्याने. सरकीची, ढेपेची, धान्याची पोती आहेत त्या पडवीत गाडी लावू नका. सुट्टीत गाडी उभी राहणार असेल तर दोन-तीन दिवसांनी एक फेरी मारा.

भरलेली पिशवी घंटागाडीत द्या, आत काच आहे हे सांगून. पेटवू नका आणि उकिरड्यावर तर अजिबात टाकू नका. उकिरड्याचं खत वावरात जातं, तिथे उघड्या पायांनी माणसं काम करतात, ढोरं चरतात.

आणि गाडी पुढच्या वेळी धुवायला द्याल तेव्हा तिथेच उभे राहा. बोनट उघडू द्यायचं नाही, डिझेल मारू द्यायचं नाही. गाडीत एक किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवा. कधी बोनटमधून धूर दिसलाच, तर इंजिन बंद करून सगळ्यांना लांब न्या. बोनट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो. आतली खटकी ओढून जेवढी फट पडते तेवढ्यातूनच पावडर मारा. आग पसरलेली दिसली तर गाडीचा नाद सोडून १०१ लावा. नवी गादी बसल्यावर पंधरा दिवसांनी एकदा क्लिपा हाताने दाबून बघा, नव्या क्लिपांपैकी एखादी हमखास सैल निघते.